एका तारेवरच्या तीन चुली

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आई म्हणायची, हिला कोण सांभाळून घेणार देव जाणे. कुणी सांभाळून घेतलं नाही, आणि काही अडलंही नाही. उलट मीच एक सर्व्हर सांभाळला, आणि तोही मला मिळाला तो याच रागापायी. म्हणून आता कुणी माझ्या रागाला नावं ठेवली की मी खुशाल ऐकून घेते.

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. बीड जिल्ह्यातून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी इकडे पुण्याला आले आणि कासारसाईच्या अलीकडे एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत जागा घेण्याची आमच्या सरांची ऐपत नव्हती. त्यांनी एका शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात बांधलेल्या इमारतीचे वरचे दोन मजले भाड्यानं घेतले होते. तळमजल्यावर मालकांची भाताची गिरणी, पाठीमागे त्यांचं घर, आणि त्या घराला लागून असलेल्या खोलीत मी भाडेकरू. ऑफिसच्या खिडकीतून खाचरं दिसायची. परदेशातला क्लायंट फोनवर असला आणि खाली गिरणी सुरू झाली, की सर धावत जाऊन खिडक्या लावायचे.

माझं काम म्हणजे टोनर बदलणे, माऊस बदलणे आणि "माझं नेट चालत नाही" असं कुणी ओरडलं की पळणे. सर्व्हर रडला तर तोही मीच गप्प करायची, पण नावाला तो सरांचा होता.

एके दिवशी सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की परदेशातल्या क्लायंटला त्याचं काम वेगळ्या नेटवर्कवर हवं आहे. हिशोबाच्या खोलीतला किंवा दुसऱ्या प्रोजेक्टवरचा कॉम्प्युटर त्याच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता कामा नये. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बंगळूरचा एक तपासनीस येऊन ते बघणार. सर पुढे म्हणाले, "मुंबईची एक कंपनी आहे, तिलाच देऊन टाकू. सर्व्हर, स्विच, सगळं तेच बघतील."

"मग मी काय बघू?" मी विचारलं.

"तू आहेसच की. प्रिंटर वगैरे."

वगैरे! ते 'वगैरे' माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "सर, हे मी करते. बाहेरचा माणूस कशाला पाहिजे?" दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत, तेवढा माणूस बरा होता. ते म्हणाले, "ठीक आहे. तपासणी पास झाली तर सर्व्हर तुझा. नापास झाली तर मुंबईवाले येतील, आणि तू त्यांच्या हाताखाली."

त्याच आठवड्यात त्या मुंबईच्या कंपनीचा इंजिनिअर जागा पाहून गेलासुद्धा. मी शेजारी उभी होते, पण तो बोलला फक्त सरांशी. माझ्याशी एकच वाक्य बोलला, "एसी जरा वाढवता का?" वाढवला मी एसी. पण मनात म्हटलं, थांब लेका.

आता पेच असा होता की वेगळं नेटवर्क म्हणजे वेगळे स्विच, सगळ्यांच्या तारा जिथे येऊन जुळतात त्या पेट्या, आणि वेगळ्या तारा, हा सरळ मार्ग. तेवढ्या तारा भिंतींतून टाकायच्या तर इमारत पुन्हा फोडावी लागली असती, आणि मालकांनी आम्हालाच फोडून काढलं असतं. म्हणून व्हीलॅन. आहे त्याच तारा, आहे तोच लिनक्सचा सर्व्हर, त्यात आतल्या बाजूला आहे तेच एक नेटवर्क कार्ड. त्या एका कार्डातून तीन नेटवर्कं न्यायची, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

सर्व्हरच्या खोलीत मी फरशीवर पसारा मांडून बसले होते, तेव्हा मालक डोकावले. डोक्याला टोपी, अंगावर भाताचा कोंडा. "काय गं पोरी, काय करतीस हितं?"

मी सांगितलं, "मालक, घर एकच, पण चुली तीन मांडतेय. पाणी एकाच नळाचं. पण कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते दुसऱ्याला कळायचं नाही."

मालक आणि त्यांचे दोघे भाऊ त्याच वर्षी वेगळे झाले होते, एकाच घरात. ते मोठ्यानं हसले. "म्हंजी आमच्यावानीच की! पर आमच्याकडं तर समदं कळतंय."

मागून काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणाल्या, "आदी आमच्या घरात बसवून दे गं बाई ते. लई बरं हुईल."

चुली मांडणं दिसतं सोपं. सर्व्हरला व्हीलॅनचा मोड्यूल चढवला, एका कार्डाची तीन नावं केली, दहा, वीस आणि तीस. प्रत्येकाला आपापला पत्ता दिला. हिशोबाची खोली दहावर, इतर प्रोजेक्ट वीसवर, परदेशी क्लायंट तीसवर. सर्व्हरमधून निघणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर नंबराचं तिकीट लागतं, आणि ते तिकीट बघून स्विच ठरवतो की हे कोणत्या भोकात जाणार. स्विचच्या प्रत्येक भोकाला, म्हणजे पोर्टला, मी नंबर नेमून दिला. या पोर्टमध्ये जो येईल तो दहाचा, त्या पोर्टमध्ये येईल तो तीसचा. स्विचला माणूस कळत नाही, त्याला भोक कळतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीनं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

सगळं जोडलं आणि चाललं! उडीच मारली मी. पण तासाभरात वीस नंबरवरच्या मुली आल्या, "अगं, साधी पानं उघडतात, मोठी फाइल अर्ध्यात अडकते." मी सगळं पुन्हा तपासलं. एका मशीनची दुसऱ्याला हाक, म्हणजे पिंग, जातोय, पत्ता मिळतोय, आणि फाइल मात्र अडकते. तीन दिवस डोकं फोडलं. सर येता-जाता घड्याळाकडे बघायचे, ते बघून मी जास्तच भडकायची. शेवटी कळलं. तिकीट लावलं की पाकीट चार बाइटनं मोठं होतं, आणि आमच्या सर्व्हरमधल्या जुनाट कार्डाला तेवढा मोठा घास गिळता येत नव्हता. छोटी पाकिटं जायची, पूर्ण भरलेली गुपचूप फेकली जायची. चार बाइट! मी तडक सरांच्या कॉम्प्युटरमधलं चांगलं कार्ड काढलं, सर्व्हरला बसवलं आणि सर्व्हरचं जुनं सरांना बसवून दिलं. विचारलं नाही, सांगितलं. फाइल सुळकन गेली. त्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच कासारसाई धरणाच्या भिंतीवर जाऊन बसले आणि स्वतःवर एवढी खूश झाले की एका अनोळखी माणसालाही ओळख असल्यासारखं हसून दाखवलं. तो बिचारा गाडी काढून निघून गेला.

मग मी सगळं सर्व्हरच्या सुरुवातीच्या फायलींत लिहून ठेवलं, म्हणजे बंद होऊन सुरू झाला तरी तिन्ही चुली आपोआप पेटाव्यात. स्विचलाही त्याचे नंबर जपून ठेवायला लावले. प्रत्येक केबलला कागदाची चिठ्ठी चिकटवली. आणि खंडेनवमीला सुट्टी म्हणून निवांत मनानं बावधनला मावसबहिणीकडे गेले.

आमच्या मालकांकडे खंडेनवमी फार कडक. नांगर, विळे, कोयता, ट्रॅक्टर, गिरणी, सगळ्याला त्या दिवशी आराम, सगळ्याची पूजा. आणि पूजेआधी अवजार नुसतं पुसायचं नाही, सुटं करून स्वच्छ करायचं, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. सर गावी जाताना किल्ली देऊन म्हणाले होते, "मालक, आमच्या मशिनींची पण पूजा करून टाका." झालं! मालकांनी मनावर घेतलं.

दसऱ्याच्या सकाळी मी आले तर सर्व्हरला झेंडूची भली मोठी माळ, समोर नारळ, स्विचवर हळदकुंकवाची बोटं. सगळं बंद. इथपर्यंत मलाही छान वाटलं. मग मी तारांकडे बघितलं. माझा सगळा गुंता गायब होता. निळ्या तारा एका ओळीत, पिवळ्या दुसऱ्या, करड्या शेवटी. एवढ्या सुंदर लावलेल्या तारा मी आजवर पाहिल्या नव्हत्या.

तारांचे रंग काही ठरवून घेतलेले नव्हते, पुण्याच्या तपकीर गल्लीच्या बाजारात मिळाल्या तशा आणल्या होत्या. म्हणजे आता हिशोबवाल्यांची तार परदेशी क्लायंटच्या पोर्टात, आणि क्लायंटची कुठेही. आणि उद्या सकाळी तपासनीस दारात.

"काकू!" मी अशी ओरडले की गिरणीवरची कबुतरं उडाली. दोघं धावत वर आली. काकू कौतुकानं म्हणाल्या, "बघ की, कसं झ्याक झालंय. पार जाळं झालं हुतं, मी एकेक काढून पुसून लावलं."

"आणि चिठ्ठ्या? चिकटवलेल्या चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

"ती घाण व्हय? ओल्या फडक्यानं काढली सगळी."

माझं डोकंच सरकलं. मी काय काय बोलले ते मला नीट आठवतही नाही. उद्या मला हाकलणार, मुंबईवाला माझ्या डोक्यावर बसणार, सगळं तुमच्यामुळं, असं बरंच. काकूंचा चेहरा एवढासा झाला. त्या पदराला हात पुसत राहिल्या. मालकांनी मात्र शांतपणे विचारलं, "झालं ते झालं. आता काय करायचं ते बोल."

"सगळ्या तारा पुन्हा काढायच्या. कोणती तार कोणत्या टेबलावर जाते ते शोधायचं. आणि मशिनी आत्ताच्या आत्ता सुरू करायच्या."

यावर मालक अडले. पूजा संध्याकाळी सोनं लुटून आल्यावर हलवायची असते, तोवर अवजाराला हात लावायचा नाही. त्यांनी एकदा माळेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग काकूंना म्हणाले, "अक्षता आण गं." त्यांनी सर्व्हरवर अक्षता वाहिल्या, हात जोडले, नारळ जरासा सरकवला. "हलवली पूजा. देव आपलाच हाय, त्याला कळतंय कुणाची नड हाय ती. लाव तुजं यंत्र." आयुष्यभर पाळलेला रिवाज त्या माणसानं एका भाडेकरू मुलीसाठी सकाळीच मोडला. मला तेव्हा रडू आलं, आणि मला रडू आलं की मी आणखी चिडते, म्हणून मी पाठ फिरवून सर्व्हरचं बटण दाबलं.

सर्व्हर घरघरला. पडद्यावर ओळी पळाल्या. आणि दहा, वीस, तीस, तिन्ही चुली एकामागून एक, मी बोटही न लावता पेटल्या. स्विचही आपले नंबर विसरला नव्हता. घरातून बाहेर पडताना कुलूप ओढून बघतात तसं मी तीनतीनदा तपासलं. सगळं जागेवर होतं. आता फक्त तारा.

मी स्विचमधल्या सगळ्या तारा उपसल्या. वरच्या मजल्यावर मालक, खालच्यावर काकू. दोघांनी सगळे कॉम्प्युटरचे डबे चालू करून त्यांच्या पाठी वाटेकडे वळवल्या. तार जिथे घुसते तिथे एक बारीक हिरवा दिवा असतो. मी खाली एक तार खोचायची, की कुठल्यातरी एकाच डब्याचा दिवा लागणार. ज्याच्याकडे लागेल त्यानं ओरडायचं.

मालकांचा आवाज या बांधावरून त्या डोंगरापर्यंत जाणारा. जिन्यातून आरोळी यायची, "लागलाऽऽ! गणपतीच्या फोटोवाल्याचा!"

या सगळ्यांचे माऊस मीच बदललेले. कोण कुठे बसतं, कुणाच्या टेबलावर काय असतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. गणपतीवाला वीस नंबर. मी तार वीसच्या पोर्टात बसवून नवी चिठ्ठी चिकटवायची आणि पुढची खोचायची.

"लागला! ज्यानं खणात बिस्किटं लपवल्यात, त्याचा!"

"मालक, खण कशाला उघडला?"

"उघडाच हुता!"

काकू सुरुवातीला दबकत सांगत होत्या. मी म्हटलं, "काकू, एवढंसं काय बोलताय, म्हैस हाकताना कशा ओरडता?" मग त्यांनी असा सूर लावला की खाली दसऱ्याच्या जेवणाला आलेले पाहुणे जिन्यात येऊन उभे राहिले. संध्याकाळच्या सोन्यासाठी आणलेली आपट्याची पानं हातात घेऊन तेही ऐकत होते. कुणीतरी विचारलं, "हितं काय चाललंय?" मालक वरून ओरडले, "चुली वायल्या करतुया!" पाहुण्यांनी मान डोलावली. बहुतेक त्यांना वाटलं, आणखी एक भाऊ निघाला.

दुपार उतरायच्या आत शेवटची तार लागली. मग मी स्वतः प्रत्येक टेबलावर बसून दुसऱ्या चुलीत हात घालून बघितला. कुठूनही कुठेही जाता येत नव्हतं. मी काकूंना म्हटलं, "मघाशी लई बोलले मी." त्या म्हणाल्या, "बोललीस ते बोललीस, आता पुरणपोळी खा गप." मी गप खाल्ली. तीन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. कोरडा, बारीक मिशीचा, चहाला नको म्हणणारा माणूस. सर गावाहून थेट आले होते, त्यांना आदल्या दिवसाचं काहीच माहीत नव्हतं. खोलीत शिरल्या शिरल्या त्याची नजर स्विचवरच्या हळदकुंकवावर गेली. "ये क्या है?"

सर काही सारवासारव करणार, तोच मी म्हटलं, "पूजा. कल दशहरा था."

तो पहिल्यांदा हसला. "हमारे यहाँ भी होती है. मेरी माँ मिक्सर को भी फूल चढ़ाती है."

पण काम त्यानं कसून केलं. हिशोबाच्या खोलीत आपला लॅपटॉप जोडला आणि क्लायंटच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायला हर तऱ्हेनं बघितलं. मग वीस नंबरवर जाऊन तेच. मी हाताची घडी घालून उभी होते. सर मात्र रुमालानं मान पुसत होते. त्याला काही सापडलं नाही. मला वाटलं, संपलं. तर तो सर्व्हरकडे बोट दाखवून म्हणाला, "इसको बंद करके चालू कीजिए. स्विच भी."

सरांचा चेहरा पडला. हातानं केलेली जुळवाजुळव मशीन बंद झाल्यावर उडते, हे त्यांना ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, "आजच करायलाच पाहिजे का?"

"करा की बंद," मी म्हटलं. आणि मीच बंद केला. मालकांच्या खंडेनवमीनं ही परीक्षा माझ्याकडून आदल्या दिवशीच घेऊन ठेवली होती, हे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. सर्व्हर सुरू होत असताना मी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी सरांकडे बघत होते. एवढा माज मी आयुष्यात पुन्हा केलेला नाही, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

तिन्ही चुली पेटल्या. त्यानं पुन्हा सगळं तपासलं, लॅपटॉप मिटला आणि सरांना म्हणाला, "क्लीन है. किसने किया?" सरांनी माझ्याकडे हात केला. त्या माणसानं मला नमस्कार केला, चांगला दोन्ही हात जोडून, आणि मग चहा मागितला.

तो गेल्यावर सर त्याला दारापर्यंत सोडून परत आले. मग म्हणाले, "मुंबईवाल्यांना कळवायला पाहिजे. ते उद्या यायच्या तयारीत असतील." ते मला त्यांच्या टेबलावरच्या फोनपाशी घेऊन गेले. त्यांनी तो उचलला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "तूच सांग."

त्याच इंजिनिअरनं उचलला. मी कुठून बोलतेय ते सांगितलं, आणि म्हटलं, तपासणी पास झाली, काम इथेच झालं, तुम्ही यायची गरज नाही. मग तो हसत म्हणाला, "मॅडम, असं निरोपानिरोपी नको. टेक्निकल गोष्टी असतात. तुमच्याकडे सर्व्हर जे बघतात ना, त्यांना जरा फोन द्या."

सर समोरच होते. त्यांनी हात पुढे केला नाही.

"बोलतेय," मी म्हणाले.